दिलेला चेंडू

माझ्या नवऱ्याला पडदा म्हणतात. घरी नाही, दुकानात नाही, फक्त त्या गोल्फ मंडळात. आमचं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे म्हणून पडदा. एवढीच त्या विनोदाची खोली. "पडदा, पाण्याची बाटली दे रे जरा." "पडदा, माझा स्वेटर गाडीत राहिला, पळ बघू." आणि हा माणूस, ज्याच्या दुकानात गिऱ्हाइकाने मापाच्या टेपला हात लावला तरी कपाळावर आठी चढते, तो हसत हसत पळतो. वर घरी येऊन मलाच समजावतो, "प्रेमाने म्हणतात गं."

आम्ही दोघं एका वर्गात होतो. त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलं नाही आणि खोटं कौतुकही नाही. मी म्हटलं, "एवढं प्रेम आहे तर तू एकदा कप्तानांना विमा म्हणून हाक मार बघू."

तो बुटांची माती काढायला लागला.

कप्तान म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. हयातभर एका विमा कंपनीच्या शाखेत साहेब होते, आणि निवृत्त झाल्या दिवसापासून जहाजावरून उतरल्यासारखे पाय फाकवून चालायला लागले. त्यांच्या उजव्या हाताला दातांचे डॉक्टर. हे गृहस्थ आठवडाभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवतात आणि रविवारी स्वतःचं. डाव्या हाताला कंत्राटदार, ज्यांच्याकडे दर दोन महिन्यांनी नवी, आधीपेक्षा महाग काठी येते आणि चेंडू जुन्याच झुडपात जातो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बाकीचे सभासद या तिघांच्या विनोदांना हसण्यापुरते होते, त्यांची ओळख करून द्यायचं काही कारण नाही.

यांची दर महिन्याला एक सहल. भल्या सकाळी एक व्हॅन भाड्याने घ्यायची, कुठल्यातरी गावाबाहेरच्या मैदानावर जायचं, चेंडू झाडीत मारायचे आणि दिवस ते शोधण्यात घालवायचा. वाटेत एक ठरावीक पेट्रोल पंप लागला की कप्तान मागे वळून म्हणणार, "चला मंडळी, इथून पुढे बायकोचा फोन लागत नाही." आणि सगळी व्हॅन पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसणार. हे मला नवऱ्याने सांगितलं आणि सांगतानाही तो हसला. यांचं एक घोषवाक्यही आहे, टोप्यांवर शिवलेलं: "स्पर्धा नको, सोबत हवी." त्या टोप्या कोणी शिवल्या ते सांगायला नको. गडद हिरवं मखमली कापड आमच्या दुकानातलं, शिलाई माझी. सगळ्यांना एकेक टोपी गेली. माझ्या नवऱ्याला मात्र नाही, कारण तो सभासद नव्हता. तो पाहुणा सभासद होता.

पाहुणा सभासद ही पदवी कप्तानांनी खास त्याच्यासाठी शोधून काढली होती. वर्गणी पूर्ण, कामं पूर्ण, व्हॅनमधली जागा मात्र मागच्या चाकावरची, पिशव्यांच्या शेजारी. "पुढच्या वर्षी तुझं बघू," असं ते दर वर्षी म्हणायचे. तोंडाला पानं पुसायची तरी किती, याला काही मर्यादा असते. पण नवऱ्याला ती टोपी हवी होती. त्याच्या वडिलांनी खांद्यावर कापडाचे गठ्ठे वाहून ते दुकान उभं केलं आणि या असल्या लोकांच्या घरी ते मागच्या दाराने पडदे लावायला जायचे. त्याला पुढच्या दाराने जायचं होतं. हे मला कळत होतं, म्हणून तर माझा जास्त संताप व्हायचा. अरे, दारच हवं तर एखादं बरं दार तरी निवड.

आता त्यांचा तो रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर घडलं.

गोल्फमध्ये चेंडू शेवटी एका खळग्यात घालायचा असतो. तो खळग्याच्या अगदी जवळ आला, हाताच्या अंतरावर, की समोरचा खेळाडू मोठ्या मनाने म्हणू शकतो, "दिला." म्हणजे गेला असं समजू, उचल. शहाणी माणसं हे कधीमधी करतात. या मंडळात मात्र सगळेच सगळ्यांना सगळंच द्यायचे. हाताच्या अंतरावरून सुरुवात झाली होती, ती काठीच्या अंतरावर आली, मग दोन काठ्यांच्या. चेंडू खळग्याभोवतीच्या हिरवळीवर नुसता पोचला की चहूकडून "दिला, दिला" सुरू. तुम्ही मला द्या, मी तुम्हाला देतो. यालाच ते मैत्री म्हणत. आपसांत खेळताना वर्षानुवर्षं त्यांच्यातल्या एकानेही जवळचा चेंडू स्वतःच्या हाताने खळग्यात घातला नव्हता, आणि तरी प्रत्येक जण घरी जाऊन आज कसा खेळलो ते बायकोला सांगत होता.

फक्त पाहुण्याला द्यायचं नाही, असा नियम होता. कप्तान म्हणत, "सभासद झालास की मिळेल. त्याची मजा तेव्हाच." त्यामुळे सगळे चेंडू उचलून पुढे चालायला लागायचे आणि माझा नवरा एकटा मागे वाकून आपला चेंडू आत घालत बसायचा. सुरुवातीला चुकायचा. तेव्हा ते थांबून बघायचे आणि हसायचे. "पडदा, माप चुकलं वाटतं!" डॉक्टरांना हा विनोद इतका आवडला की त्यांनी तो आमच्या दुकानात येऊन माझ्यासमोरही केला. मी त्यांच्या दिवाणखान्याच्या पडद्यांचं माप तेव्हाच घेत होते. एक वीत कमी लिहावं असं फार वाटलं होतं.

चुकणं थांबावं म्हणून नवऱ्याने घरी सराव सुरू केला. स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली यांच्यामध्ये आमचा लांब बोळ आहे. त्यात त्याने दुकानातली गालिच्याची उरलेली पट्टी अंथरली आणि दुसऱ्या टोकाला स्टीलचा एक पेला आडवा ठेवला. दुकान बंद करून आला, हातपाय धुतले, की काठी घेऊन उभा राहायचा. चेंडू पेल्यात गेला की टण्ण असा आवाज व्हायचा. चुकला की भिंतीवर धप्प.

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो आणि कानांनाही बेताचंच ऐकू येतं. बोलायचं तर जवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागतं. पण तो पेला त्यांच्या दाराशीच असायचा. टण्ण झालं की त्या आतून म्हणायच्या, "आला का रे?" आणि हा म्हणायचा, "आलो गं आई." मग आणखी एक टण्ण. सुरुवातीला दहात एखादा आवाज यायचा. हळूहळू धप्प कमी झाले. एकदा मी भाजी चिरता चिरता ऐकत होते, तर मधे एकही धप्प नाही, नुसती टण्ण टण्ण. सासूबाई म्हणाल्या, "याचा आता चुकतच नाही गं." म्हातारीला गोल्फ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण आपल्या मुलाचं काहीतरी चुकत नाही याचं तिला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं. त्या बोळात उभा असताना तो कोणाचाही पडदा नसायचा. पाय जमिनीत रोवलेले, खांदे स्थिर, नजर खाली. लग्न केलं तेव्हा मी या माणसाशी केलं होतं.

वर्षातून एकदा या मंडळाचा दुसऱ्या एका मंडळाशी सामना असतो. ते मंडळ मोठ्या रुग्णालयातल्या लोकांचं. वॉर्डातल्या सिस्टर, प्रयोगशाळेतले दोघं-तिघं, क्ष-किरणवाला असे. एकास एक अशा जोड्या खेळतात; कमी फटक्यांत चेंडू आत घालेल त्याचा तो खळगा, जास्त खळगे त्याचा सामना, आणि ज्या बाजूचे जास्त जण जिंकतील तिला चषक. बरोबरी झाली तर चषक आधी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहतो, आणि तो कायम रुग्णालयाकडेच असायचा. कप्तानांना तो चषक घरातल्या काचेच्या कपाटात हवा होता. कपाट त्यांनी आधीच करून घेतलं होतं, त्याच्या मागचं मखमली अस्तर आमच्याकडचं.

या वर्षी मंडळातल्या एकाचा गुडघा सुजला आणि माणूस कमी पडला. कप्तान दुकानात आले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून, माझ्याकडून चहा घेऊन, ते नवऱ्याला म्हणाले, "शेवटच्या जोडीत तुला घालतोय. तिथपर्यंत निकाल लागलेला असेल, तू काळजी करू नकोस. नीट वागलास तर परतीच्या वाटेवर टोपी तुझी."

नीट खेळलास तर नाही, नीट वागलास तर. नवऱ्याने हे ऐकलंच नाही. त्याने फक्त टोपी ऐकली.

सामन्याची सहल सहकुटुंब असते. त्यामुळे मीही व्हॅनमध्ये होते, मागे, पिशव्यांच्या शेजारी. पेट्रोल पंप आला. कप्तान वळले, बायका पाहून जरा अडखळले, पण विनोद त्यांनी सोडला नाही. बायकाही हसल्या. मी खिडकीबाहेर बघितलं.

मैदानावर सकाळी जे काही झालं ते पाहायला मी आणखी एक दिवस दुकान बंद ठेवलं असतं. रुग्णालयवाल्यांमध्ये देण्याची पद्धतच नव्हती. चेंडू खळग्यापासून वीतभर असला तरी ते हाताची घडी घालून शांत उभे राहायचे. डॉक्टरांचा चेंडू पहिल्यांदा असा जवळ येऊन थांबला, तेव्हा सवयीप्रमाणे ते उचलायला वाकले. समोरचा क्ष-किरणवाला म्हणाला, "आत घाला ना." डॉक्टरांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने चारचौघांत कपडे काढायला सांगितले. मग काठी घेतली, मारला, आणि चेंडू खळग्याच्या कडेने निघून पलीकडे गेला. परत मारला, परत अलीकडे आला. कंत्राटदारांचंही तेच. ते गुडघ्यावर बसून गवताला बोट लावून म्हणाले, "हिरवळ उतरती आहे." नाचता येईना अंगण वाकडं. कप्तानांनी तर एक चेंडू इतक्या जवळून चुकवला की समोरच्या मुलीला हसू दाबायला तोंड फिरवावं लागलं. इतकी वर्षं एकमेकांना दान करत आलेली ही माणसं, वर्षातून एकदा स्वतःच्या घासाला हात लावायची वेळ आली तर तोंडच सापडेना.

तरीसुद्धा, लांबचे टोले बरे बसले म्हणा किंवा समोरच्यांचेही काही झाडीत गेले म्हणा, मंडळाच्या निम्म्या जोड्या कशाबशा तरल्या. हिशोब असा झाला की सगळं येऊन थांबलं शेवटच्या जोडीवर. माझा नवरा आणि रुग्णालयाच्या मोठ्या सिस्टर.

या सिस्टर बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, आणि आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेल्या बाईचा आवाज असतो तसा त्यांचा आवाज. दोघंही सारखेच शांत खेळत होते. नवऱ्याचे लांबचे टोले काही खास नव्हते, पण हिरवळीवर आला की तो वाकायचा आणि चेंडू आत जायचा. प्रत्येक वेळी. शेवटच्या खळग्याशी आले तेव्हा तो एका खळग्याने पुढे होता. सिस्टरांचा चेंडू आत गेला. आता याने आपला आत घातला की या खळग्याची बरोबरी, आणि सामना याचा, आणि चषक मंडळाचा. चेंडू खळग्यापासून आमच्या बोळातल्या पट्टीच्या निम्म्या अंतरावर होता. असे तो जेवणाआधी पन्नास घालायचा.

सगळं मंडळ हिरवळीच्या कडेने उभं होतं. मी कप्तानांच्या मागे, एका हाताच्या अंतरावर. तो चेंडू आत जावा असं मला फार वाटत होतं. टोपीसाठी नाही, चषकासाठी तर मुळीच नाही. या सगळ्यांच्या देखत तो त्या एका गोष्टीत शिरणार होता जिच्यात त्याचं चुकत नाही, आणि ते यांना बघावं लागणार होतं. मला एवढंच हवं होतं.

तो वाकला. पाय रोवले. आणि कप्तान, ज्यांचे हात फोटोसाठी आधीच वर गेले होते, आनंदाच्या भरात मोठ्याने म्हणाले, "दिला!"

ते त्यांच्या तोंडून सवयीने गेलं. इतकी वर्षं असा चेंडू दिसला की तेच म्हणत आले होते. पण द्यायचा हक्क समोरच्या खेळाडूचा असतो. आपल्याच बाजूच्या माणसाने दिला म्हणण्याला काडीचा अर्थ नाही. गोल्फ खेळणाऱ्या लहान पोरालाही हे कळतं. नवऱ्यालाही कळत होतं. पण त्याने मान वर केली, कप्तानांकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. हा शब्द त्याला कधीच मिळाला नव्हता. त्याने वाकून चेंडू उचलला आणि खिशात टाकला.

मग सिस्टर म्हणाल्या, "मी दिला नव्हता."

नवऱ्याचा हात खिशातच राहिला.

चेंडू असा उचलला की एक फटका दंड. म्हणजे खळगा सिस्टरांचा, सामना बरोबरीत, चषक पुन्हा रुग्णालयात. पण सिस्टर लगेच तिथून हलल्या नाहीत. त्या कडेला उभ्या असलेल्यांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्यापैकी कोणीतरी ओरडलं. यांचा गोंधळ झाला असेल तर मी धरून बसणार नाही. कोण बोललं तेवढं सांगा. चेंडू होता तिथे ठेवा आणि खेळा."

यापेक्षा सोपं काय असतं? एका माणसाने हात वर करून "चुकून मी बोललो" एवढं म्हणायचं होतं. कप्तानांच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी कंत्राटदारांकडे, कंत्राटदारांनी ढगांकडे. अळीमिळी गुपचिळी. सोबत हवी म्हणणारी सगळी सोबत बुटांकडे बघत उभी होती. मग कप्तान म्हणाले, "आमच्याकडून कोणी काही बोललं नाही. आम्हाला नियम माहीत आहेत."

"कप्तान बोलले," मी म्हटलं. "मी यांच्या मागेच उभी आहे. मी ऐकलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सिस्टरांनी मान हलवली आणि नवऱ्याकडे वळल्या. "काय हो, असं झालं का?"

आता त्याने नुसतं हो म्हणायचं होतं. चेंडू खाली ठेवायचा, वाकायचं, टण्ण. मी त्याच्याकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो कप्तानांकडे बघत होता, आणि कप्तान त्याच्याकडे. व्हॅनच्या पुढच्या सीटवरून मागे बघतात तसं.

"नाही," नवरा म्हणाला. "कप्तान काही बोलले नाहीत. मीच घाई केली." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, "तिला खेळातलं काही कळत नाही."

सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. रुग्णाच्या नातेवाईकाकडे बघावं तसं. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी हातमोजा काढला.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंप मागे पडला. मग कप्तान सीटला धरून उभे राहिले. आवाज जड करून म्हणाले, "मंडळी, आज आपल्याला चषक मिळाला नाही. पण माणूस मिळाला. चुकला, पण चूक स्वतःच्या अंगावर घेतली. याला म्हणतात आपला माणूस." त्यांनी पिशवीतून हिरवी टोपी काढली. टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी शिट्टी मारली. कंत्राटदार सरकले आणि आपल्या शेजारी खिडकीजवळ जागा करून दिली. नवरा उठला, पुढे गेला, टोपी घातली. मी शिवलेली टोपी होती ती, कडेची टीप मी ओळखली. चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं आणि वर त्याच डोक्यावर टोपी घालायची, हे या लोकांनाच जमावं. आणि ते डोकं पुढे करणारा माझा नवरा होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली. कप्तानांची नव्हती वाटत. त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती.

उतरताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा तसं बोलावं लागलं."

"लागलं कशाला?" मी म्हटलं. "तुला कोणी विचारलं होतं माझ्याबद्दल?"

त्याने टोपी काढून हातात धरली आणि घरात शिरताना पुन्हा घातली.

त्यानंतरच्या सहलीहून तो इतका खूश होऊन आला की दारातच सांगायला लागला. सगळे चेंडू दिले. एकही घालावा लागला नाही. कप्तान स्वतः म्हणाले, पडदा, उचल. पडदा हे नाव मात्र तसंच राहिलं होतं, त्याची त्याला आठवणही नव्हती. त्या दिवसापासून बोळातली काठी कोपऱ्यात उभी राहिली. गालिच्याच्या पट्टीवर धूळ बसली. मी एकदा म्हटलं, "सराव नाही करत?"

"आता कशाला?" तो म्हणाला. "आता मला देतात."

परवा संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते. तो दुकानातून आला, हातपाय धुतले आणि टोपी घालून बाहेरच्या खोलीत फोनवर बसला. बहुधा कप्तान होते पलीकडे. हा हल्ली त्यांच्यासारखंच हसायला लागलाय, पोटातून, थांबून थांबून, समोरचा पण हसतोय ना ते बघत.

आतून सासूबाईंनी हाक मारली. मी जवळ गेले. "तो नाही आला अजून?" त्यांनी विचारलं.

"आलाय," मी मोठ्याने म्हटलं. "बाहेर बसलाय."

"नाही आला," म्हातारी ठामपणे म्हणाली. "मला कळलं असतं."

मी बोळात आले. पेला पट्टीच्या टोकाला आडवाच पडलेला होता. काय मनात आलं कोण जाणे, मी काठी घेतली, चेंडू ठेवला, त्याच्यासारखे पाय रोवले आणि मारला. भिंतीवर धप्प. परत मारला. पेल्याच्या काठाला लागून टिणकन वाजला आणि बाजूला गेला.

"ही तू आहेस," सासूबाई आतून म्हणाल्या. "त्याचा आत जातो."

बाहेरच्या खोलीतून तेव्हाच ते नवं हसू आलं, इतकं मोठं की त्यांच्या कानांपर्यंतही पोचलं. त्यांनी मान जरा उचलली. आवाजाच्या दिशेने तोंड करून ऐकत राहिल्या.

"कोण पाहुणे आलेत गं?" त्यांनी विचारलं.

मी पेला उचलून स्वयंपाकघरात नेला आणि घासून ठेवला.